चोविसावी तबली

त्याने तबली दोन बोटांच्या चिमटीत धरून कानाजवळ नेली आणि वाकवलेल्या बोटाने ठोकली. एकदा मधे, एकदा कडेला. मग तो थांबला. पाठीमागच्या खोलीतून कुणी काही बोललं नाही. बोलणार कोण? त्या खोलीत शिलाई मशीन होतं, मशीनवर फुलाफुलांचं फडकं होतं आणि खुर्ची रिकामी होती. हे त्याला ठाऊक होतं. तरी तो बाजूचा चहा गार होईपर्यंत थांबला, मग तबली जुन्या चादरीत गुंडाळून फळीवर ठेवली.

तीन महिन्यांत हे तीसेक वेळा तरी झालं असेल.

तबली म्हणजे गिटारीचं वरचं तोंड. साध्या गिटारीची तबली सपाट असते. तो बनवायचा त्या गिटारीची व्हायोलिनसारखी फुगीर असायची. आत पोकळ, वर दोन लांबट वळणदार फटी, आणि शिवाय विजेवरही वाजणारी. असली तबली वाकवून होत नाही. जाड फळी घ्यायची आणि बाहेरून आतून कोरत, रंधत, घासत ती पातळ करत न्यायची. जाड राहिली तर गिटार मुकी, तोंडात बोळा कोंबल्यासारखी. फार पातळ झाली तर चार दिवस गोड बोलते आणि मग तारांच्या ओढीने बसते. या दोन्हींच्या मधे थांबायची एक जागा असते. ती त्याला स्वतःला कधी सापडली नव्हती. त्याचा हात एकदा चालू लागला की चालतच राहायचा. थांबायची जागा बायकोला सापडायची.

दोन खोल्यांच्या मधल्या चौकटीला दार नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याला कामाच्या टेबलासाठी लाकूड कमी पडलं, तेव्हा त्याने ते दार काढून वापरलं होतं आणि नवीन लवकरच बसवतो असं सांगितलं होतं. तो खिडकीकडे तोंड करून काम करायचा, ती मागच्या खोलीत मशीनवर गिऱ्हाइकांचे कपडे शिवायची. तो ठोकायचा. मशीनच्या खडखडाटातून आवाज यायचा, "अजून." तो दोन हात रंधा मारायचा, पुन्हा ठोकायचा. "अजून." असं दोन दिवस, कधी तीन दिवस. आणि मग एकदा, बाकी काही फरक नाही, त्याच सुरात, "बस." तो रंधा खाली ठेवायचा.

अशा तेवीस गिटारी झाल्या. तेवीसच्या तेवीस बोलल्या. एकही मुकी निघाली नाही, एकही बसली नाही. "हात माझा, कान तिचा," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. ती दोरा दाताने तोडायची आणि पुढची शिवण घ्यायची.

थंडी सरता सरता ती गेली. फार दिवस पडून राहावं लागलं नाही, असं लोक म्हणाले, आणि त्याने मान हलवली.

चोविसावी गिटार तिच्या बहिणीसाठी होती. या बहिणीला सगळे धाकटी म्हणायचे. पन्नाशी उलटली तरी धाकटीच. ती दुसऱ्या गावी शाळेची बस चालवायची आणि संध्याकाळी आणखी तिघींबरोबर बँडमध्ये वाजवायची. गिटार उसनी. फळी नऊ वर्षांपूर्वीची, स्प्रूस नावाच्या हलक्या लाकडाची, पांढरी, सरळ रेघांची. लाकडाच्या वखारीत त्याने वीस फळ्या उभ्या करून एकेक ठोकून पाहिली होती आणि बायकोने मागून बोट दाखवलं होतं. "ही. ही धाकटीची." घरी आल्यावर कापडावर खुणा करायच्या खडूने तिने फळीवर "धाकटी" असं लिहिलं आणि ती माळ्यावर वाळत पडली. माळ्यावर आणखी सहा फळ्या होत्या, पण तशी दुसरी नव्हती. बायकोने निवडून ठेवलेली तीच एक राहिली होती. ती बिघडवली असती तर पुन्हा निवडून द्यायला कुणी नव्हतं.

म्हणून त्याने सगळं उलट्या क्रमाने केलं. बाजू वाकवल्या, पाठ कोरून चिकटवली. मान केली, तिच्यावर पट्ट्या ठोकल्या. तारांखालची घोडी केली, खुंट्या बसवल्या, तारा अडकवायची पितळी शेपटी घासून आरशासारखी केली. तबली मात्र शेवटच्या दोन-तीन दिवसांच्या कामावर येऊन थांबली होती, ती थांबलेलीच.

समोरच्या दुकानातला रेडिओवाला आत आला तेव्हा त्याच्या हातात दोन डब्या होत्या. आता रेडिओ कुणी दुरुस्तीला आणत नसे. तो पंख्याच्या मोटारी भरून द्यायचा आणि त्याच यंत्रावर गिटारीचे पिकअप भरायचा. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती केसासारख्या तारेचे हजारो वेढे. तारा थरथरल्या की ते थरथरणं विजेत उतरवणारी चीज.

"हे घे. पाच हजार वेढे एकात, पाच हजार दुसऱ्यात. दुसऱ्यात कदाचित चारएक जास्त असतील. मधे माझी बायको बोलली."

"ठेव तिथे."

रेडिओवाल्याने टेबलावरची गिटार उचलली, चारी बाजूंनी फिरवली आणि आतल्या पोकळीत डोकावला.

"काय रे, झाली म्हणालास ना?"

"झालीच."

"मधे भोक दिसतंय."

"तबली राहिलीय."

"म्हणजे स्वयंपाक झालाय, फक्त चूल पेटवायची राहिलीय."

तो हसला नाही. रेडिओवाल्याने चादरीतल्या पुडक्याकडे बघितलं, मग मागच्या खोलीकडे बघितलं आणि स्टूल ओढून बसला.

"आण इकडे. मी सांगतो बस."

"तुला काय कळतं?"

"चाळीस वर्षं रेडिओ ऐकलेत. नीट चालणारे नाही, बिघडलेले. आवाजात खोट कुठे आहे ते मला कळायला नको?"

म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. त्याने तबली काढली, ठोकली.

"बस," रेडिओवाला म्हणाला.

"अरे, अजून सुरुवातच नाही."

"मला आवडली."

त्याने रंध्याने थोडं काढलं, पुन्हा ठोकलं.

"आता बस. जेवायची वेळ झाली."

मग रेडिओवाल्याने मोबाइल काढला. त्यात आवाज मोजायचं काहीतरी होतं. हिरवा काटा, खाली आकडा. मोबाइल तबलीजवळ धरला, त्याने ठोकलं, आकडा आला. पुन्हा ठोकलं, वेगळाच आकडा आला. तू हळू ठोकलंस, तू जवळ धरलास, असा दोघांचा वाद सुरू झाला. तेवढ्यात रस्त्यावरून एक ट्रक भोंगा वाजवत गेला आणि काटा बरोब्बर मधोमध येऊन उभा राहिला.

"हा बघ," रेडिओवाला म्हणाला, "या ट्रकवाल्याकडून करून घे तबली."

या वेळी मात्र त्याला हसू आलं. पण रेडिओवाला गेल्यावर त्याने तबली पुन्हा चादरीत गुंडाळली.

त्याच दिवशी धाकटीचा फोन आला. बँडला मोठ्या सभागृहात कार्यक्रम मिळाला होता, आणि सभागृह त्याच्याच गावातलं होतं. महिनाभराने.

"भाऊजी, गिटार कुठवर आली?"

"तबली राहिलीय."

"मागच्या महिन्यात काय राहिलं होतं?"

"तबलीच."

फोनवर बसच्या इंजिनाचा आवाज बंद झाला.

"बरं. होत नसेल तर फळी तशीच द्या. मी भिंतीवर टांगीन. वर माझं नाव लिहिलेलं आहेच."

"अगं, ती बिघडली तर?"

"मग बिघडलेली वाजवीन. नाहीतरी आमच्या बँडमध्ये कुणाला फरक कळणार आहे?" ती म्हणाली. आणि मग जरा खाली आवाजात, "शाळेला सुट्टी लागली की मी येते."

आठ दिवसांनी ती आली. एका खांद्यावर पिशवी, दुसऱ्या खांद्यावर कापडाचा गठ्ठा. बँडच्या चौघींसाठी जांभळी जॅकेटं शिवायची होती. घरात शिरताच तिने खिडक्या उघडल्या, गार झालेला चहा मोरीत ओतला आणि दार नसलेल्या चौकटीतून पलीकडे जाऊन मशीनवरचं फडकं काढलं.

तो रंध्याचं पातं काढून धार लावायला लागला. धार कालच लावली होती.

"तेल कुठे आहे मशीनचं?"

"खालच्या खणात."

तिने तेल घातलं, दोरा ओवला, खुर्चीत बसली, पाय पट्टीवर ठेवून बघितला.

"मी बसते इथे. तुम्ही करा सुरू."

"तू?"

"मी रोज वाजवते, भाऊजी. ताईने कधी हातात धरली होती गिटार?"

"वाजवणं वेगळं, ऐकणं वेगळं."

"बरं. मग मी ऐकते," असं म्हणून तिने मशीन सुरू केलं. खडखड खडखड.

"अगं, ते बंद कर. ऐकू काय येणार तुला?"

"ताई बंद करायची?"

त्याने आठवून बघितलं. मशीनचा आवाज आणि "अजून" हे त्याच्या डोक्यात एकत्रच होते. एकाशिवाय दुसरं आठवेना.

"तिचा कान तसा होता," तो म्हणाला.

"एकाच आईच्या पोटच्या आहोत. माझाही तसाच असेल."

त्याने तबली काढली. अंगठ्याएवढा छोटा पितळी रंधा घेतला. खिडकीकडे तोंड केलं आणि पहिली साल काढली. मग ठोकली. एकदा मधे, एकदा कडेला.

"अजून," मागून आवाज आला.

आवाज वेगळा होता, जरा जाड, बस चालवणाऱ्या बाईचा. पण त्याच उंचीवरून आला, त्याच अंतरावरून. त्याने घाईघाईने रंधा मारायला घेतला.

पहिल्या दिवशी अकरा वेळा "अजून" आलं. मधल्या वेळात धाकटी गुणगुणायची, शिवण उसवायची, कापडाला शिव्या द्यायची. टेबलाखाली सालींचा ढीग झाला. रेडिओवाला दोनदा डोकावला आणि दोन्ही वेळा म्हणाला, "मी तर केव्हाच बस म्हटलं होतं."

दुसऱ्या दिवशी त्याचा धीर सुटायला लागला. त्याने मापाचा चिमटा लावून बघितला.

"धाकटे, पाच मिलिमीटरच्या खाली गेलं."

"ठोका."

त्याने ठोकली. मधे, कडेला.

"अजून."

"तू ऐकून बोलतेस ना?"

"बाही लावतेय, मधे बोलू नका. अजून."

"माझी झोप जाईल."

"मग जागे राहून करा. अजून."

तो काही तिच्यावर चिडला नाही. उलट त्याला मजा वाटायला लागली होती, आणि मजा वाटतेय हे लक्षात आल्यावर तो जरासा दचकला. संध्याकाळी भुसा झाडताना तो शीळ घालत होता. धाकटीने जॅकेटवरून मान वर केली आणि पुन्हा खाली घातली.

तिसऱ्या दिवशी दुपारी ऊन टेबलावर आलं होतं. त्याने कडेची एक साल काढली, इतकी पातळ की तिच्यातून खिडकी दिसली. तबली उचलली, मधे ठोकली. आवाज लगेच विझला नाही. त्याच्या बोटांतून मनगटात उतरला, मनगटातून कोपरात. त्याने कडेला ठोकली. तिथेही तेच. तबली जणू आतून मोकळी झाली होती. त्याने ती कानाच्या आणखी जवळ नेली, पुन्हा ठोकली आणि डोळे मिटून ऐकत राहिला.

"बस."

मशीन चालूच होतं. तो रंधा हातात घेऊन तसाच उभा राहिला. मागे वळून बघितलं नाही.

"नक्की?"

"बस म्हटलं ना. आता चहा टाका."

त्याने रंधा खाली ठेवला. शेवटची साल खिशात घातली. मग स्वयंपाकघरात जाऊन दोघांसाठी तीन कप चहा केला. तिसरा कप बघून तो क्षणभर थबकला, पण तेवढ्यात रेडिओवाला दारात उभा राहिला. "वासावरून आलो," तो म्हणाला आणि कप उचलला.

पुढचं सगळं भराभर झालं. तबली गिटारीवर सरसाने चिकटवली तेव्हा घरातले सगळे शिकंजे लागले, रेडिओवाल्याचे दोन लागले आणि एका जागी धाकटीने जॅकेटं वाळत घालायचे चिमटे लावले. त्यांचा काही उपयोग नव्हता, पण तिला कुठेतरी हात लावायचा होता. पॉलिश त्याने कापसाच्या बोळ्याने पातळ पातळ चढवलं. रंग मधासारखा आला.

खरी गंमत वायरी आत घालताना झाली. पोकळ गिटारीला मागून झाकण नसतं. आवाज लहानमोठा करायचं बटण, जाडबारीक करायचं बटण, वायर खुपसायची जागा, सगळं त्या वरच्या फटीतून आत सोडायचं आणि आतल्या अंधारात आपापल्या भोकाशी न्यायचं. हे काम बायकोचं होतं. ती प्रत्येक भोकातून एक दोरा आत सोडायची, तो फटीतून बाहेर काढायची, त्याला तो भाग बांधायची आणि हळूच ओढून घ्यायची. लाल दोरा, निळा दोरा, पिवळा दोरा. दोऱ्यांचा डबा अजून मशीनच्या खणात होता. धाकटीने लाल ओढला, लाल आला. निळा ओढला, निळा आला. पिवळ्याला पिकअपची वायर अडकली आणि मग तिघांची डोकी एकाच गिटारीवर, तीन चष्मे एकमेकांवर आपटताहेत.

"उजेड सोड, लेका."

"मी उजेडात नाहीये, तुझंच डोकं आहे ते."

"दोघंही बाजूला व्हा," धाकटी म्हणाली आणि विणायच्या सुईने वायर सोडवली.

रेडिओवाल्याने कथलाचे डाग दिले आणि दोन्ही बटणांच्या वायरी उलट्या जोडल्या. म्हणजे आवाज वाढवायला गेलं की तो बोदा व्हायचा. पुन्हा लाल दोरा, पुन्हा निळा दोरा. रेडिओवाल्याचं म्हणणं असं पडलं की त्याने मुद्दाम केलं होतं, गिटार सहज चोरीला जाऊ नये म्हणून.

तारा चढल्या. धाकटीने गिटार मांडीवर घेतली. वायर अजून लावली नव्हती. तिने आधी एकच तार छेडली, सगळ्यात जाड. मग सगळ्या सहा एकदम. खोलीतल्या खिळ्यांच्या डब्यात बारीक आवाज झाला. तो टेबलाला टेकून उभा होता, त्याच्या पाठीला टेबल थरथरलेलं लागलं. टेबल म्हणजे बायकोच्या खोलीचं जुनं दार.

"बोलते," तो म्हणाला.

"बोलते काय, इतके दिवस नुसती ऐकत बसली होती आणि आता थांबत नाहीये," धाकटी म्हणाली. तिने मग वायर लावली आणि असं काही वाजवलं की रेडिओवाला उठून खांदे उडवत नाचायला लागला. हा माणूस स्वतःच्या मुलीच्या लग्नातही खुर्चीवरून उठला नव्हता.

सभागृहात तो तिसऱ्या रांगेत बसला. रंगमंचावर चार जांभळी जॅकेटं, आणि मधोमध मधाच्या रंगाची गिटार. दिव्यात तबलीच्या सरळ रेघा त्याला तिथूनही दिसत होत्या. शेजारी रेडिओवाला डावीकडच्या आणि उजवीकडच्या दोघांनाही सांगत होता की पिकअप आपला आहे, पाच हजार वेढे, मोजून. तो मात्र रंगमंचावरून नजर काढत नव्हता. त्याचे तळवे टाळ्या वाजवून लाल झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धाकटीला बसथांब्यापर्यंत सोडायला निघाला. गिटारीची पेटी त्याने हातात घेतली होती, ती देत नव्हता.

"पंचविसावी कुणाची?" तिने विचारलं.

"कुणाची नाही. ही शेवटची."

"का?"

"तू चाललीस. बस कोण म्हणणार? तिचा कान होता म्हणून तेवीस झाल्या. तुझा आहे म्हणून ही झाली. मला काही तो नाही."

थांबा आला. तिने पिशवी बाकावर ठेवली.

"भाऊजी, शाळेत प्रार्थनेच्या वेळी ताईला बाई काय सांगायच्या, माहितीय?"

"काय?"

"तू फक्त ओठ हलव. गाऊ नकोस."

"म्हणजे?"

"म्हणजे तिला सूर कळायचा नाही. जराही नाही. माझी गिटार लागलेली नसली तरी ती म्हणायची, छान वाजवलंस."

तो पेटी धरून उभा राहिला.

"तेवीस गिटारी," तो म्हणाला.

"तेवीस गिटारी तिने तुमचं कोपर बघितलं."

त्याने नकळत स्वतःच्या उजव्या कोपराकडे बघितलं.

"तुम्ही पाठमोरे असता. दोनदा ठोकता. एकदा मधे, एकदा कडेला. जमलं नसलं की कोपर खाली येतं. आणि जमलं की तुम्ही तिसऱ्यांदा ठोकता. उगाच. चव बघताना आवडलं की माणूस पुन्हा चमचा घालतो, तसं. तिसऱ्यांदा ठोकलंत की ताई बस म्हणायची. मीही तेच केलं."

"मी दोनदाच ठोकतो."

"बरं."

"तीस वर्षं दोनदाच ठोकतोय. एकदा मधे, एकदा कडेला."

"हो का?"

"आणि वखारीतसुद्धा तिसऱ्यांदा?" त्याने विचारलं.

"वखारीतसुद्धा. वीस फळ्यांत एकच तिसऱ्यांदा ठोकलीत. तीच माझी."

बस लांबच्या वळणावर दिसायला लागली. त्याने पेटी खाली ठेवली, परत उचलली.

"तिने मला कधी सांगितलं नाही."

"मला सांगितलं. जायच्या आधी. म्हणाली, यांना सांगू नकोस. कळलं की हे मोजायला लागतील आणि हात अडखळेल. कबूल कर म्हणाली."

"आणि तू कबूल केलंस."

"मी नुसते ओठ हलवले."

त्याच्या तोंडून हसू फुटलं, मोठ्याने. बाकावरच्या एका म्हाताऱ्या बाईने वळून बघितलं. हसता हसता त्याने डोळे बाहीला पुसले आणि आणखी हसला.

"मग आता का सांगितलंस?"

बस येऊन उभी राहिली. धाकटीने त्याच्या हातातून पेटी घेतली.

"आता मोजायला दुसरं कोण आहे?"

घरी येताना त्याने वाटेत एका विजेच्या खांबावर बोट ठोकून बघितलं. दोनदा. मग एका बंद दुकानाच्या फळीवर. दोनदा. बरोबर दोनदाच. धाकटी काहीतरीच सांगते, असं त्याने स्वतःला सांगितलं.

घरी मशीनवरचं फडकं खुर्चीच्या पाठीवर घडी करून ठेवलेलं होतं. त्याने ते तिथेच राहू दिलं. शिडी लावून तो माळ्यावर चढला आणि उरलेल्या सहा फळ्या खाली काढल्या. भिंतीला लावून उभ्या केल्या. पहिली ठोकली, मोठ्याने मोजत. एक, दोन. दुसरी. एक, दोन. सहाही फळ्या झाल्या. तिसऱ्या वेळी हात उठेना. उठवला तर तो मुद्दाम उठवल्यासारखा वाटे. बायकोला हे ठाऊक होतं तर. त्याने मान हलवली आणि पुन्हा पहिल्या फळीपासून सुरुवात केली.

तेवढ्यात रेडिओवाला आला. काल सभागृहात एका माणसाने त्याला विचारलं होतं, पिकअप किती वेढ्यांचा, आणि याने पाच हजार सांगितल्यावर तो म्हणाला होता, सहा हजार हवेत.

"मी त्याला म्हटलं, कान आहेत का तुला? सहा हजार भरले तर आवाज घोगरा होईल."

"होईलच."

"तो म्हणतो नाही होत."

"त्याला म्हणावं, भरून बघ आणि मग ये."

"तेच म्हटलं. तर म्हणतो, भरून द्याल का?"

"मग देशील की. पंखे भरण्यापेक्षा बरं."

"तसं नाही रे, पण तत्त्व म्हणून काही आहे की नाही? आणि तू ते काय ठोकतोयस मघापासून?"

तो थांबला. त्याचा हात चौथ्या फळीवर होता, बोट वाकवलेलं, बरोबर मधोमध. किती वेळा ठोकलं ते त्याला सांगता येईना.

"काही नाही," तो म्हणाला.

रेडिओवाला गेल्यावर त्याने चौथी फळी टेबलावर आडवी घेतली. मशीनचा खण उघडून कापडाचा खडू काढला, फळीच्या कोपऱ्यात "पंचविसावी" असं लिहिलं, आणि दोन दिवस पटाशी चालवली. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने खिडकीकडे तोंड केलं, छोटा रंधा घेतला, पहिली साल काढली. तबली चिमटीत धरून कानाजवळ नेली. एकदा मधे ठोकली, एकदा कडेला.

कोपर खाली आलं.

"अजून," तो म्हणाला, मशीन चालू असतं तरी पलीकडच्या खोलीत ऐकू गेलं असतं इतक्या मोठ्याने, आणि पुन्हा रंधा उचलला.